गोल गाठी बांधणारे यंत्र आणि वर्धा जिल्ह्यातील वैरण

वर्धा जिल्ह्यात ज्वारीचा पेरा मोठा होता तोवर वैरण बांधून ठेवण्यासाठी यंत्र हवे, असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. ज्वारी कापली, कणसे खुडली, की मागे राहिलेला कडबा पेंढ्या बांधूनच वावरातून निघत असे. पेंढी मोजता येई, शेकड्याने विकता येई, बंडीत रचता येई आणि गंजीतून रोज लागेल तेवढीच ओढून काढता येई. वैरणीचा हिशेब ठेवणे त्यामुळे सोपे होते. घरधन्याने गंजीकडे नजर टाकली तरी मृगापर्यंत जनावरे निभतील की नाही, हे त्यास कळत असे.

१९८० नंतरच्या दोन दशकांत सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. धान्य बदलले हे सर्वांनी पाहिले. वैरणीचे रूप बदलले याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज आपल्या जिल्ह्यात जनावरापुढे पडते ते बहुतांशी सोयाबीनचे, तुरीचे व हरभऱ्याचे कुटार आणि गव्हाचे काड. हे सर्व सुटे, हलके आणि जागा खाणारे. कुटाराला निदान थ्रेशरपाशी एका जागी ढीग तरी लागतो. गव्हाच्या काडाची दशा त्याहून वाईट आहे. गव्हाची कापणी हार्वेस्टरने होऊ लागल्यापासून काड वावरभर पडून राहते. ते गोळा करण्यास मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि पुढल्या मशागतीची घाई असल्यामुळे शेवटी त्याला काडी लावली जाते. मार्चमध्ये जाळलेली वैरण मे महिन्यात विकत घ्यावी लागते. ज्याच्याजवळ पैसा नाही तो बैलजोडी विकतो. गोल गाठी बांधणाऱ्या यंत्राचा, म्हणजेच राउंड बेलरचा, विचार या परिस्थितीत करावयाचा आहे. हे यंत्र नवलाचे म्हणून पाहण्याचे नव्हे. पेंढी गेल्यामुळे जी सोय गेली ती यंत्राने परत मिळते काय, हा आपला प्रश्न आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. गव्हाच्या काडासाठी आणि डोंगराळ भागातील गवतासाठी हे यंत्र आपल्या जिल्ह्यास उपयोगी आहे. पण यंत्राच्या आधी वाळवणी आणि यंत्राच्या नंतर छप्पर, या दोन गोष्टींची तजवीज नसेल तर ते घेऊ नये. यंत्राची माहिती देणारे पुष्कळ भेटतात. या दोन गोष्टींविषयी बोलणारे फारसे भेटत नाहीत.

गाठ म्हणजे काय हे हिंगणघाट-पुलगावच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जिनिंगमधून निघालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची सुमारे १७० किलोंची गाठ बांधतात, कारण सुटी रुई वाहून नेणे म्हणजे भाडे देऊन वारा वाहून नेणे होय. काडाचेही तेच आहे. फरक इतकाच की रुई गाठीकडे जाते, तर येथे गाठ बांधणारे यंत्रच वावरात काडाकडे येते. काड गुंडाळून गाठ करण्याची कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली होती. १९४७ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने तशा लहान गोल गाठींचे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर १९७१ च्या सुमारास आयोवा राज्यातील गॅरी व्हर्मीर यांनी मोठ्या गोल गाठींचे यंत्र तयार केले आणि परदेशातील विस्तीर्ण कुरणांवर तेच रूढ झाले. ती मोठी गाठ चार ते सहा फूट व्यासाची आणि काही क्विंटल वजनाची असते. ती उचलण्यास ट्रॅक्टरच लागतो. आपल्याकडे जे लहान यंत्र मिळते त्याची गाठ सुमारे दोन फूट व्यासाची आणि तीन फुटांच्या आसपास लांब असते. काडाचा प्रकार व दाब यांप्रमाणे तिचे वजन साधारण २० ते ३० किलो भरते. ती एक माणूस उचलू शकतो आणि बंडीतही टाकता येते. आपल्या गोठ्याला व आपल्या धुऱ्याच्या वाटेला हीच गाठ योग्य होय. या लेखात पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः या लहान यंत्राविषयी आहे.

यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. ते ट्रॅक्टरच्या मागे जोडतात आणि ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टवर चालवितात. साधारणपणे या शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे ठेवावे लागतात. लहान यंत्रास ३५ ते ४५ अश्वशक्तीचा, म्हणजे आपल्या गावांत सर्रास आढळणारा ट्रॅक्टर पुरतो. यंत्राच्या पुढील बाजूस जमिनीलगत एक ढोल फिरत असतो व त्यावर स्प्रिंगचे वाकडे दाते बसविलेले असतात. हे दाते वावरात ओळीने पडलेले काड विंचरल्यासारखे उचलतात आणि मागच्या कोठीत लोटतात. कोठी गोल असते. तिच्या भोवती लोखंडी रूळ बसविलेले असून ते सर्व एकाच दिशेने फिरतात. आत आलेले काड या रुळांच्या घर्षणाने आपोआप फिरू लागते आणि चटई गुंडाळावी तसे एकावर एक थराने गुंडाळले जाते. प्रारंभी कोठी रिकामी असल्यामुळे काड नुसते घुसळले जाते. कोठी भरत आली, की बाहेरचे थर रुळांवर दाबले जाऊन घट्ट बसू लागतात. गाठ पुरी झाल्याची सूचना चालकास खुणेने अथवा घंटीने मिळते. चालक पुढे जाणे थांबवितो, पण कोठी फिरती ठेवतो. मग सुतळीचे टोक अथवा जाळीचा पट्टा आत सोडला जातो व तो फिरत्या गाठीवर गुंडाळला जातो. सुतळी कापली गेली की हायड्रॉलिकच्या बळाने मागचे दार उघडते आणि गाठ वावरात पडते. दार मिटले की ट्रॅक्टर पुन्हा चालू लागतो.

अशा रुळांच्या ठरावीक आकाराच्या कोठीत तयार झालेल्या गाठीचा गाभा सैल व बाहेरचा भाग कठीण असतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात रुळांऐवजी रबरी पट्टे असतात. गाठ वाढेल तसे पट्टे ताणाखाली मागे सरकतात, त्यामुळे गाठ गाभ्यापासूनच घट्ट होते आणि लहानमोठी हवी तशी काढता येते. ही दुसरी यंत्रे मोठी, महाग व अधिक देखभालीची असतात. आपल्या कामास पहिला प्रकार पुरेसा आहे. सैल गाभ्याचा एक लाभही आहे: काडात थोडीफार ओल राहिली असेल तर तिला बाहेर पडण्यास वाट मिळते. अर्थात या लाभाच्या भरवशावर ओले काड बांधू नये.

चौकोनी गाठी बांधणारे यंत्रही सर्वांनी ऐकले असेल. पंजाब-हरियाणात भाताचे काड गोळा करण्यास ते पुष्कळ वापरतात. चौकोनी गाठ ट्रकमध्ये विटेप्रमाणे चपखल रचली जाते, म्हणून लांब पल्ल्याच्या वाहतुकीस तीच बरी. परंतु त्या यंत्रात मागेपुढे धडका देणारा दट्ट्या असतो, आणि सुतळीला प्रत्येक वेळी गाठ मारणारी एक नाजूक यंत्रणा असते. ती बिघडली की दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सहजी मिळत नाही. गोल यंत्रात दट्ट्या नाही आणि सुतळीला गाठ मारावी लागत नाही; ती नुसती गुंडाळली जाते व काडाच्या दाबाने जागीच राहते. त्यामुळे यंत्र हलके, ट्रॅक्टरवर भार कमी व बिघाडही कमी. उणीव ही, की प्रत्येक गाठीसाठी थांबावे लागते आणि दिवसाचे काम तेवढे घटते. आपल्या तुकड्यातुकड्यांच्या वावरांत ही उणीव फारशी जाणवू नये.

आता आपल्या जिल्ह्यातील कोणत्या वैरणीला हे यंत्र लागू पडते ते पाहू. येथे पुष्कळांची फसगत होण्याचा संभव आहे. थ्रेशरमधून निघालेले कुटार या यंत्राने बांधता येत नाही. दात्यांना उचलण्यासाठी आणि थराला थर गुंतण्यासाठी काड लांब असावे लागते. कुटार दात्यांतून गळून जाते व चुकून कोठीत गेलेच तर रुळांच्या फटींतून सांडते. म्हणून सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे कुटार साठविण्यासाठी हे यंत्र घेण्याचा कोणी सल्ला देत असेल तर तो मानू नये. कुटाराला कोरडी कोठीच हवी. हार्वेस्टरने काढलेल्या सोयाबीनचे काड मागे ओळीत पडले असेल तर ते उचलता येते, परंतु त्या सुमारास काळी जमीन ओलसर असते, काडाबरोबर माती येते, आणि ऊन चढल्यावर काडाचा चुरा होतो. ते काम जमले तर करावे, त्याच्या भरवशावर यंत्र घेऊ नये.

गव्हाचे काड हे या यंत्राचे खरे काम. हार्वेस्टरवाल्यास आधीच सांगून ठेवावे, की मागे काड भिरकावणारे साधन बंद ठेवावे व काड सरळ ओळीत पडू द्यावे. हे एक वाक्य बोलण्यास विसरले तर पुढे दाताळ्याने काड ओढून ओळी करण्यास माणसे लावावी लागतात आणि नफा तेथेच संपतो. ओळ दात्यांच्या ढोलाइतकी रुंद असेल तर उत्तम. ओळ अरुंद असेल तर चालकाने सरळ रेषेत न जाता क्षणभर डाव्या अंगाने व क्षणभर उजव्या अंगाने काड घ्यावे. असे न केल्यास काड कोठीच्या मध्यभागीच साचते, गाठीचे पोट फुगते, दोन्ही टोके पोकळ राहतात आणि सुतळी निसटून गाठ उकलते. दात्यांची उंचीही प्रत्येक वावरात पाहून लावावी. दाते जमिनीला खरवडू लागले तर काडाबरोबर ढेकळे व गोटे आत जातात. मातीने भरलेली गाठ वजनात चांगली भरते, पण जनावर ती खात नाही.

हार्वेस्टर कापणी करताना खाली जे धसकट उभे सोडतो ते यंत्र उचलत नाही, आणि आमच्या मते ते तसेच राहू देणे योग्य आहे. हल्ली काही उत्साही मंडळी वावरातील काडीन् काडी गोळा करण्याचा सल्ला देतात, तो आम्हास मान्य नाही. गव्हाच्या एक टन काडात सुमारे ५ किलो नत्र आणि त्याच्या दुपटीहून अधिक पालाश असते. ते दर वर्षी वावराबाहेर नेले व शेणखताच्या रूपाने परत आणले नाही, तर जमीन उत्तरोत्तर हलकी होते. धसकट वखराने मोडून मातीत मिसळावे, सुटे काड गोठ्याकडे न्यावे आणि गोठ्यातील खत त्याच वावरात परतावे. जो शेतकरी गाठी विकून टाकतो आणि ज्याच्या दारी जनावर नाही, त्याने निदान एका वर्षाआड काड वावरातच कुजू द्यावे.

दुसरे काम डोंगरी गवताचे. आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांचा माळ व टेकड्यांचा भाग हा गवळाऊ गाईंचा मूळ प्रदेश. अंगाने पांढरी, चपळ, बंडीला धावणारी ही जात. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे तिच्या पैदाशीचे शासकीय प्रक्षेत्र आहे. त्या भागात पवन्या, शेडा, मारवेल ही चांगली गवते आपोआप येतात. परंतु गवत कापण्याचा आपला परिपाठ चुकीचा आहे. गवत फुलोऱ्यात असते तेव्हा ते सकस असते. त्या वेळी पाऊस संपलेला नसतो किंवा सोयाबीनची घाई असते, म्हणून कापणी दिवाळीनंतर होते. तोवर बी झडते, पाला करपतो आणि उरते ती निव्वळ काडी. कुसळी गवत तर पक्व झाल्यावर कुसळांमुळे जनावराच्या तोंडास इजा करते. अशा उशिरा कापलेल्या गवताची सुबक गाठ बांधली तरी आत सकसपणा येणार नाही. यंत्रामुळे गोळा करण्याचे काम लवकर उरकते, म्हणून कापणी अलीकडे आणता येईल, हा या भागातील त्याचा मुख्य लाभ मानावा. फुलोऱ्यात कापलेले गवत दोन-तीन दिवसांच्या चांगल्या उन्हात, मध्ये एकदा उलटून, वाळवावे आणि मग ओळी कराव्यात. जेथे चढ अधिक आहे किंवा दगड वर आलेले आहेत तेथे ट्रॅक्टर नेऊ नये. तेथे विळा व डोक्यावरचा भारा हेच यंत्र.

आता वाळवणीविषयी. गाठ बांधताना गवतात शेकडा १५ ते १८ पेक्षा अधिक ओल असू नये; गव्हाचे काड तर खडखडीत वाळलेले असावे. ओल शेकडा २० च्या वर गेली की गाठीच्या आत बुरशी वाढू लागते, उष्णता निर्माण होते, आणि मोठ्या गंजीत ही उष्णता वाढत जाऊन आगही लागू शकते. ओल मोजण्याचे साधन जवळ नसेल तर एक सोपी युक्ती आहे. गवताचे बारीक तुकडे करून कोरड्या बाटलीत घालावेत, त्यात चमचाभर कोरडे मीठ टाकावे व बाटली दोन-तीन मिनिटे हलवावी. मीठ मोकळे राहिले तर गवत बांधण्यास योग्य आहे; मिठाचे खडे धरले अथवा ते गवतास चिकटले तर अजून एक ऊन द्यावे. सकाळी दव असताना यंत्र लावू नये. दव उडाल्यावर आरंभ करावा. पानांची वैरण असेल तर भर दुपारी पाने झडतात, म्हणून ते काम ऊन कडक होण्यापूर्वी आटोपावे. गंजी लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तिच्यात एक लोखंडी सळई खुपसून ठेवावी व रोज ओढून हाताने पाहावी. सळई हाताला चटका देऊ लागली तर गाठी तात्काळ बाहेर काढून पसराव्यात.

वैरण कोरडी बांधली, येथपर्यंत ठीक. खरी चूक पुढे होते. गोल गाठीवरून पावसाचे पाणी ओघळून जाते, सबब ती उघड्यावर ठेवली तरी चालते, असे सर्रास सांगितले जाते. परदेशातील मोठ्या गाठीबाबत त्यात तथ्य आहे. लहान गाठीबाबत ते धोक्याचे आहे, आणि का, ते साध्या हिशेबाने कळते. पाच फूट व्यासाच्या गाठीचे बाहेरचे चार इंच भिजून कुजले असे समजू. गाठीचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे रुपयात चार आणे, वाया गेला. आता आपली दोन फूट व्यासाची गाठ घ्या. तिचेही बाहेरचे चारच इंच भिजले, तर मधला सोळा इंच व्यासाचा गाभाच चांगला राहतो; शेकडा ५५ हून अधिक माल, म्हणजे रुपयात नऊ आणे, गेला. जो पाऊस मोठ्या गाठीचे अंगरखे भिजवितो तोच लहान गाठीचे हाड भिजवितो. त्यात आपला पाऊस थेंबथेंब पडणारा नव्हे. चार महिने तो झोडपून काढतो, आणि खालून काळी जमीन ओल चढविते ती वेगळीच. पावसाळाच कशाला, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात झालेली अवकाळी वृष्टी व गारपीट पुष्कळांना आठवत असेल. नुकत्याच बांधलेल्या गाठी वावरात पडल्या असता असे वादळ आले तर बांधणीचा खर्चही बुडतो. म्हणून गाठी ज्या दिवशी बांधल्या त्याच दिवशी त्या छपराखाली जाव्यात, हा नियम समजावा. बुरशी आलेली काळी-पांढरी वैरण गाभण गाईस तर मुळीच घालू नये. तिने आजार होतो, गर्भपाताचेही भय असते.

छप्पर केवढे लागेल, याचाही हिशेब सोपा आहे. बैलजोडीस कोरडी वैरण दिवसाला सुमारे १२ किलो धरली, तर एप्रिल ते जून या तीन महिन्यांस ११ क्विंटलच्या आसपास लागेल. २५ किलोंच्या गाठी धरल्यास त्या ४४ होतात. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व आठ फूट उंच एवढ्या जागेत त्या बसतात. खाली दगड ठेवून त्यांवर लाकडे किंवा तुराट्यांचा थर द्यावा, म्हणजे गाठ जमिनीस टेकणार नाही. वर पत्रा असेल तर उत्तम, नसेल तर गवताने शाकारलेले उतरते छप्परही चालते. पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू मात्र बंद करावी. ज्याच्याजवळ एवढी जागा नाही त्याने यंत्र भाड्याने घेण्यापूर्वी आधी हे छप्पर उभे करावे. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

सुतळीचा प्रश्न दिसावयास लहान, पण गोठ्यात तोच जनावराच्या जिवावर बेततो. यंत्राबरोबर बहुधा प्लॅस्टिकचा दोरा किंवा जाळी मिळते. ती स्वस्त व मजबूत असते, पण पोटात पचत नाही. घाईने गाठ तोडून दोऱ्यासकट गव्हाणीत टाकली, की दोरा वैरणीबरोबर पोटात जातो, तेथे त्याचा गोळा होतो आणि जनावर खात नाही, फुगते, झिजते. कारण मात्र कळत नाही. शक्य तेथे तागाची अथवा घायपाताची यंत्रसुतळी वापरावी. हाताने वळलेली अंबाडीची दोरी जाडीने सारखी नसल्यामुळे यंत्रात अडकते; ती मोळ्यांसाठीच ठेवावी. प्लॅस्टिक वापरणे भागच असेल तर गोठ्यात एक खुंटी ठरवून द्यावी व सोडलेल्या प्रत्येक गाठीचा दोरा तिच्यावर अडकवावा. संध्याकाळी गाठी व दोरे यांची मोजणी जुळली पाहिजे. हे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपविले तर ते बिनचूक होते, असा आमचा अनुभव आहे. मोठी माणसे विसरतात.

यंत्र चालविणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयी येथे थोडक्यात, पण निक्षून सांगितले पाहिजे. दात्यांत काड अडकले असता हाताने किंवा पायाने लोटू नये. काड ज्या वेगाने आत ओढले जाते त्या वेगाने माणसास ते सोडता येत नाही. परदेशांत या एका चुकीने अनेकांनी हात गमावले आहेत. प्रथम पी.टी.ओ. तोडावा, इंजिन बंद करावे, फिरणारे सर्व भाग थांबले की मगच खाली उतरावे. मागचे दार उघडे असताना त्याचा अडसर लावल्याशिवाय खाली जाऊ नये. पी.टी.ओ. शाफ्टवरील आवरण काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार आहे. धोतराचा सोगा, उपरणे, लुगड्याचा पदर त्यात गुंतण्यास क्षणही लागत नाही. बेअरिंगांभोवती साचलेली काडाची भुकटी रोज झाडावी, कारण मार्चच्या उन्हात ती पेट घेते. पाण्याचा पिंप ट्रॅक्टरजवळ असावा. आणि उतारावर सोडलेली गोल गाठ घरंगळते, हे तिच्या गोलपणातच आहे. गाठ नेहमी आडव्या दिशेने पडेल अशा बेताने ट्रॅक्टर वळवून मग दार उघडावे.

राहिला मालकीचा प्रश्न. गव्हाचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा आणि गवताचा तेवढाच; उरलेले दहा महिने यंत्र उभे राहते. दहा-पंधरा एकरांच्या शेतकऱ्याने ते स्वतः घेणे म्हणजे वर्षातून दोनदा लागणाऱ्या मांडवासाठी बांबूचे बन लावण्यासारखे होय. शेतकरी गटाने, दूध संस्थेने किंवा गावाच्या अवजारे बँकेने ते घ्यावे आणि गाठीमागे दर ठरवावा. एकरामागे दर ठरविल्यास चालक घाईने सैल गाठी काढतो. घेण्यापूर्वी मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्र परीक्षण संस्थेचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. पट्टे, दाते व शिअर बोल्ट कोठे मिळतील याची खात्री करावी, आणि अनुदानाच्या चालू वर्षाच्या अटी तालुका कृषी कार्यालयातून समजून घ्याव्यात. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे आणि काम आहे म्हणून यंत्र घेणे यांतील भेद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला पाहिजे, मग त्यामुळे आपल्या उद्दिष्टाचा आकडा कमी भरला तरी चालेल.

वर्ध्यात यंत्राविषयी बोलताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. १९३४ साली येथेच मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी याच गावी बसून वर्षानुवर्षे विचारले, की हे यंत्र कोणाचे काम हलके करते आणि कोणाच्या हातचे काम काढून घेते. १९४१ मध्ये गोसेवा संघाच्या कार्यास वाहून घेणारे जमनालाल बजाजही याच मातीतले. तेव्हा बेलरलाही हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. हार्वेस्टरमागे पडलेले काड आज कोणीच गोळा करीत नाही, ते जळते. त्या कामापुरते तरी यंत्र कोणाच्या तोंडचा घास काढीत नाही. उलट ओळी सारखे करणे, गाठी गोळा करणे, छपराखाली रचणे हे हातांचेच काम राहते. डोंगरी गवताबाबत मात्र आमचे मत निराळे आहे. ते कापून-बांधून विकणारी कुटुंबे जेथे आहेत तेथे यंत्र आणण्यापूर्वी ग्रामसभेत त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि कापणी व वाहतूक त्यांच्याकडेच राहील अशी व्यवस्था करावी. अशी कुटुंबे यंत्र चालविणाऱ्या गटाची सभासद होऊ शकली तर अधिकच बरे.

गव्हाची कापणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून सुरू होते. ज्या गावांना यंदा हे यंत्र लावून पाहावयाचे आहे त्यांनी पौषातच तीन गोष्टी उरकाव्यात: किती एकर गहू हार्वेस्टरने निघणार याची यादी, हार्वेस्टरवाल्याशी काड ओळीत सोडण्याची बोली, आणि ज्यांच्या गाठी बांधावयाच्या त्यांच्या छपरांची पाहणी. छप्पर नसेल त्याचे नाव यादीत खाली घ्यावे. पहिल्या वर्षी दोन-चार वावरांतच प्रयोग करावा. एका गाठीचे वजन करून ते वहीत लिहावे, आणि ज्येष्ठात त्याच गाठींपैकी एक सर्वांसमक्ष उकलून आतली वैरण नाकाने व हाताने पाहावी.